चोरून आणलेलं पान

मनी प्लांट हे नाव त्या वेलीला कोणी दिलं मला ठाऊक नाही, पण ज्यानं दिलं त्यानं आमचं गोंदियाजवळच्या फुलचूरचं घर पाहिलं नव्हतं एवढं नक्की. आमच्याकडे ती आली तेव्हा घरात पैसा नव्हता आणि पुढे ती छताला लागली तेव्हाही नव्हता. तरी माझं बारावीनंतरचं अख्खं वर्ष, आणि त्यामागून येणारं सगळं आयुष्य, खोकल्याच्या औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत उभ्या असलेल्या तिच्या एका पानावर अडकून बसलं होतं. आज दवाखान्यातल्या नव्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसोत बापड्या. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

त्या वर्षी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा होऊन स्वतःचा जिल्हा झाला होता. लोक म्हणायचे, आता साहेब येतील, ऑफिसं येतील, गावाचं भाग्य उघडेल. उघडलं असेल. मी त्या नव्या जिल्ह्याचा घराचा दरवाजा ते सार्वजनिक नळ एवढाच भाग पाहिला. बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री होते, आणि मिलच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांच्या दोन ओळी होत्या. पुढच्या ओळीला ऊन, मागच्या ओळीला भिंत. आम्ही मागच्या ओळीत. दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर मिलची भिंत. ती खिडकीही पुठ्ठा ठोकून बंद केलेली, कारण मिलच्या धुराड्यातून भुशाची काळी राख उडायची आणि उघड्या खिडकीतून सरळ भातात पडायची. दिवसाही बल्ब लावावा लागे, आणि वीज गेली की माय आणि मी एकमेकींना आवाजावरून ओळखायचो. मिल दिवसभर धडधडत राही. ती धडधड जमिनीतून यायची, फळीवरची भांडी सतत बारीक किणकिणत असायची, आणि मिल थांबली की कानांना उलट चुकल्यासारखं वाटायचं. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान उकडायचं तेव्हा ओलसर, आंबूस वाफ सगळ्या ओळीत भरायची. मला आजही कुठे तो वास आला की आधी भूक लागते आणि मग जीव गुदमरतो.

भुकेचं कारण माय. मिलमधून तुटक्या तांदळाची कणी मिळायची, तिचा ती भात करी, भाकरी थापी, आंबील करी, आणि सोबत लाखोरीची डाळ नाही तर अंबाडी. वाळलेल्या झिंग्याची चटणी वाटली की वाफेवर मात करून तो वास पुढच्या ओळीपर्यंत जाई आणि बाबांना मिलमधून निघतानाच कळे आज ताटात काय आहे, असं माय म्हणायची. माय कमी बोलायची. बाबांच्या कानांवर मिलनं परिणाम केला होता, म्हणून ते मोठ्यानं बोलत, आणि त्यामुळे घरातल्या बोलण्याचा सगळा वाटा त्यांनीच वापरून टाकला होता असं मला वाटे. आम्ही बौद्ध. भिंतीवर त्या दोन तसबिरी होत्या ज्या आमच्या प्रत्येक घरात असतात, आणि बाबांना देव, नवस, मुहूर्त, मांजर आडवं जाणं, यातलं काही चालत नसे. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेनं जात. या बाबतीत मला त्यांचा फार अभिमान होता. म्हणूनच बारावीनंतर त्यांनी जे केलं त्यानं मी अशी गोंधळून गेले.

मला नर्सिंगला जायचं होतं. मार्क पुरेसे होते, शाळेतल्या बाईंनी नागपूरच्या कॉलेजची सगळी माहिती आणून दिली होती, हॉस्टेल होतं, सवलत होती. बाबा म्हणाले, "नाही." मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाही म्हणलं ना." कारण मला ठाऊक होतं. आमच्या वस्तीतली एक पोरगी आदल्या वर्षी नागपूरला शिकायला गेली आणि तिथंच स्वतःच्या मनानं लग्न करून बसली, आणि तिच्या वडिलांनी विहारात येणं सोडलं. बाबांचे ते दोस्त. दोस्ताची ती मान खाली गेलेली पाहून बाबांनी आपल्या मानेचा बंदोबस्त केला. मांजराला न भिणारा माणूस चार लोकांच्या तोंडाला भ्याला. तेव्हापासून मी घरात. विहारात पौर्णिमेला मायसोबत, आणि सकाळी नळावर. मैत्रिणी आल्या तर दारात उभ्या राहून बोलत, आणि मग त्याही येईनाशा झाल्या, कारण त्यांना कॉलेज होतं. मी तांदूळ निवडायची, भांडी घासायची, त्यावर राख बसायची, पुन्हा घासायची. घरात कोणी मला मारलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. नुसतं ठेवलं होतं.

पुढच्या ओळीत साहूभाभी राहायची. राजनांदगावकडची, नवरा मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर. तिच्या ओसरीवर ऊन यायचं आणि त्या उन्हात तिनं डालड्याच्या डब्यांतून दोन मनी प्लांट चढवले होते. एक साधा हिरवा, आणि एक पांढऱ्या-पिवळ्या शिंतोड्यांचा, जणू कोणी चुना लावायचा ब्रश झटकला आहे. नळावरून येताना मी तिथं रेंगाळायची. एकदा धीर करून म्हटलं, "भाभी, एक फांदी द्या ना." तिनं दोन्ही कान धरले. "अरे बाप रे! मनी प्लांट माँगते नहीं सुजाता, और देते भी नहीं. चुराते हैं. माँगके लगाओगी तो लगेगा ही नहीं, और मेरा भी सूख जाएगा." मग माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि मोठ्यानं म्हणाली, "मैं अंदर जा रही हूँ, चाय रखने. मुझे कुछ दिखता नहीं वहाँ से." आणि पाठ फिरवून आत गेली.

अशी रीतसर चोरी करायची परवानगी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. साधा हिरवा मी पाहिलाही नाही. शिंतोड्यांच्या वेलीवरचं सगळ्यात देखणं पान हेरलं, त्याचा देठ धरला आणि ओढला. पान देठासकट सुटून हातात आलं. घागर डोक्यावर, पान पोलक्यात, आणि मी घरी. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली धुऊन ठेवलेली होती, तिच्यात पाणी भरलं, पान उभं केलं, बाटली भांड्यांच्या फळीवर बल्बच्या जवळ ठेवली. बाबांनी आल्याबरोबर पाहिलं आणि ओरडले, "पंचशील म्हणता तुमी मायलेकी, अन् लोकायच्या वेली चोरून आणता?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण भाभीनंच पाठ फिरवली होती हे त्यांना कोण समजावणार. माय म्हणाली, "पान तं आहे जी. राहू द्या." तर राहिलं.

आणि ते लागलं! काही आठवड्यांनी पाणी बदलताना देठाच्या टोकाला पांढरी मुळं दिसली. मी ती बाटली घेऊन नाचायचीच बाकी राहिले. त्या घरात माझ्या हातून काहीतरी जगलं होतं. त्याच संध्याकाळी जेवताना मायनं माझ्यासाठी तोंड उघडलं. ती अशा गोष्टी फार दिवस मनात ठेवून एकदाच काढायची. "अजी," ती म्हणाली, "पोरीले नर्सिंगले जाऊ द्या ना जी. घरात बसून बसून वाळून राहिली ते." बाबांचा घास तोंडात होता. त्यांनी फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांना गंमत सुचली. "तिच्या त्या वेलीले नवं पान येऊ दे," ते म्हणाले, "आलं का जाय म्हणा नागपूरले." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. आम्ही दोघी हसलो नाही. मायनं वाढता हात थांबवला. "बोलले ना जी?" बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बोललो."

आता बाबांचं बोलणं काय चीज होती ते सांगायला हवं. एकदा मामाशी भांडण झालं तेव्हा ते म्हणाले होते, तो माफी मागत नाही तोवर मी झिंगे खाणार नाही. मामानं माफी मागायला फार वेळ लावला. झिंगे म्हणजे बाबांचा जीव की प्राण, पण शेजारच्या घरात चटणी वाटली जाई आणि हा माणूस कोरडी भाकर खात बसे. त्यात पुन्हा ते जे बोलत ते दोन्ही ओळींना ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले तर बायका विचारायला तयारच. "आलं का वं पान?"

तिथून पुढचे महिने मला आठवतात ते फक्त त्या एका पानाचे. सकाळी उठल्यावर आधी बाटली. भांडी घासून झाली की बाटली. बल्बच्या उजेडात मी ते पान उलटसुलट करून पाही, कुठे टोक, कुठे फुगवटा, कुठे हिरवा ठिपका. काही नाही. पान वाळत नव्हतं, पिवळं पडत नव्हतं, मुळं मात्र वाढत वाढत बाटलीभर गोल फिरली होती. नळावरच्या बायकांनी इलाज सांगितले. कोणी म्हणे साखर टाक, कोणी म्हणे दूध, कोणी म्हणे भुशाची राख. मी सगळं केलं. दूध टाकल्यावर वास सुटला आणि मी घाबरून मुळं धूत बसले. एकदा रडकुंडीला येऊन साहूभाभीकडे गेले. "भाभी, तुमच्याकडून मी जे..." एवढंच म्हटलं, तर तिनं पुन्हा कान झाकले. "चुप! मुझे मत बता. मुझे कुछ मालूम नहीं, कहाँ से लाई, क्या लाई. बताया तो खतम!" तिला खरंच वाटत होतं की ती माझं भलं करते आहे. ज्या एका बाईला माझी चूक एका नजरेत कळली असती, तिला रिवाजानं ती पाहायची बंदी होती. मग तिच्या नवऱ्याचं काम सुटलं. ती डबे, वेली, सगळं ट्रकवर टाकून राजनांदगावला गेली. तिची ओसरी मोकळी झाली आणि तिथं कोणीतरी सायकल लावू लागलं.

आणि मग स्थळ आलं. मुलगा आमगावचा, बिजली ऑफिसात पक्की नोकरी, स्वतःचं घर. आमच्यासारख्यांकडे असं स्थळ चालून येणं म्हणजे लोकांनी हेवा करावा अशी गोष्ट. ते मला पाहायला आले. मी चहा नेला, नाव सांगितलं, मुलाच्या आईनं मला उठून चालायला लावलं आणि मी त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, तिथं दुसरीकडे चालायला जागाच नव्हती. पसंत पडले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या महिन्यात करायचं ठरलं, त्याआधी रिवाजाप्रमाणे आमच्याकडच्यांनी मुलाचं घर पाहून यायचं. नागपूरच्या प्रवेशाचे दिवसही तेच होते. पाहुणे गेले आणि मी फळीवरून बाटली ओढली, पान उपटलं आणि चुलीत टाकायला निघाले. माझ्या तोंडून काय काय निघालं ते मी इथं लिहीत नाही. मायनं माझं मनगट धरलं, पान काढून घेतलं आणि पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. इतके दिवस त्या बाटलीला मी कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि तपकिरी काचेतून काही दिसायचं नाही. तिनं अंगठा देठावरून खाली खाली नेला, जिथून मुळं सुटली होती तिथपर्यंत. मायचं माहेर उसाचं. लागवडीचं बेणं निवडण्यात तिचं लहानपण गेलं होतं.

"हे कोठून तोडलं होतं तू?"

"वेलीवरून."

"वेल आली होती का हातात, का पानच?"

"पानच," मी म्हणाले. "देठासकट."

तिनं माझं मनगट सोडलं. बाटलीत ताजं पाणी भरलं, पान परत उभं केलं, आणि भांडी घासायला बसली.

आज मला ते ठाऊक आहे जे तिला त्या क्षणी कळलं. या वेलीला नवं पान येतं ते पेरातून, जिथं देठ खोडाला मिळतो आणि जिथं उसाच्या कांडीवर असतो तसा बारीक डोळा असतो. पेरासकट बोटभर तुकडा तोडला की तो कुठेही लागतो. नुसतं पान देठासकट ओढलं तर तेही कधीकधी मुळं सोडतं, पाणी पितं, हिरवंगार राहतं, आणि तसंच राहतं. त्याची वेल होत नाही. माझ्या वॉर्डाच्या खिडकीत आज कापलेल्या सलाइनच्या बाटल्यांतून हीच वेल चढली आहे, साधी हिरवी, कारण पांढरी जात देखणी असली तरी उजेड जास्त मागते आणि आमच्या वॉर्डात तेवढा उजेड नाही. कोणी पेशंटची बायको येऊन तिच्याभोवती घुटमळू लागली की मी आधी सांगते, "बाई, पेराखालून तोडा." मग पाठ फिरवते.

मायनं मला का सांगितलं नाही, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी हातपाय गाळले असते."

घर पाहायला बाबा, माय आणि मामा गेले. बसनं सकाळी गेले, दिवेलागणीला आले. मामा दारातूनच सांगू लागला, टाइल आहे, फ्रिज आहे, गच्ची आहे, सुजानं नशीब काढलं. बाबाही खूश होते. ते दोघं बाहेर बसले आणि माय आत आली. तिची पानसुपारीची चंची कमरेला होती. तिनं ती सोडली, ओला फडका उलगडला, आणि विड्याच्या पानांच्या मधून एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. वरवर पाहता तेही विड्याचंच पान वाटावं. पण खाली खोड होतं, खोडाला दोन पेरं होती, आणि वर शेंडा.

"त्यायच्या घरी आहे वेल," माय हळू आवाजात म्हणाली. "मोठी आहे. खिळे ठोकून चारही भिंतीईनं फिरवली. फिरून फिरून दरवाज्याशी आणली, तेथून परत वळवली. खिडकीतून बाहेर जाऊ पाहते तं तुयी सासू होणारी ते बाई शेंडा खुडते. मले सांगत होती मोठ्या हौसेनं, बाहेर गेली का लक्ष्मी जाते म्हणे." मग म्हणाली, "ते चहा आणाले गेली. मी शेंडा तोडला. खुडणारच होती ना ते."

माझी माय चोरी करणारी बाई नव्हती. बाजारात भाजीवाल्यानं जास्त जुडी टाकली तर परत करणारी होती. मला त्या तुकड्याचा आनंद व्हायच्या आधी तिची भीती वाटली. तिनं तो तुकडा त्याच तपकिरी बाटलीत, त्या पानाच्या शेजारी उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी चाकूनं खिडकीच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा कापला. समोर भिंतच होती, पण वरून मिलच्या पत्र्यावर आपटून थोडा उजेड खाली यायचा. बाटली तिथं ठेवली. राख आत येऊ लागली. माय पानं पदरानं पुसायची.

मधे पौर्णिमा आली. आम्ही विहारात गेलो, मी मायला लागून बसले. पंचशील सुरू झालं, सगळ्यांसोबत ती म्हणू लागली, आणि दुसरं शील आलं, न दिलेलं घेणार नाही हे, तेव्हा माझ्या शेजारचा आवाज बंद झाला. मी मान न वळवता पाहिलं. तिचे हात जोडलेले होते आणि ओठ मिटलेले. तिसऱ्या शिलाला तिनं पुन्हा आवाज लावला. मला तेव्हा इतकं भरून आलं की पुढचं मला म्हणता आलं नाही. तिला वाटलं माझा घसा धरला. घरी येऊन तिनं मला आल्याचा काढा दिला.

साक्षगंधासाठी पाहुण्यांचा निरोप यायचा होता, तारीख पक्की करायला. मिलमध्ये बाबांनी दोनचार जणांना आवतणही देऊन टाकलं होतं. मी त्या शेंड्याकडे पाहत बसायची आणि आता पाहायलाही भीती वाटायची, कारण यावेळी आशा खरी होती. आणि मग एका रविवारी सकाळी शेंड्याजवळ एक पोपटी सुरळी दिसली, घट्ट गुंडाळलेली, काडीएवढी. मी मायला हात धरून आणलं. तिनं पाहिलं. "उलगडू दे," म्हणाली. उलगडेपर्यंत आम्ही दोघी काही न झाल्यासारख्या वागलो, आणि त्या दिवसांत माय कधी नव्हे ती दोनदा मीठ टाकायला विसरली. पान पुरतं उघडलं त्या दिवशी बाबा दारात दाढी करत बसले होते. माय बाटली घेऊन बाहेर गेली आणि त्यांच्या कानांना पोचेल अशा आवाजात म्हणाली, "अजी! नवं पान आलं!"

मायचा एवढा मोठा आवाज ओळीनं कधी ऐकला नव्हता. बायका बाहेर आल्या. बाबांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. त्यांनी बाटली हातात घेतली, पाहिली, फिरवून पाहिली. बाबा मिस्त्री होते, कुठला भाग मूळचा आणि कुठला बदललेला हे त्यांना कळायचं. "हे ते नोहे," ते म्हणाले. "हे दुसरं होय."

"हो, दुसरं होय," माय म्हणाली. "त्या पहिल्याले डोळाच नाही. पोरगी म्हातारी झाली असती तरी पान आलं नसतं. हे मी आणलं. आमगाववरून."

"त्यायनं देलं?"

"नाही. चोरून आणलं."

बाबा उठून उभे राहिले. "सोयऱ्याच्या घरून? चोरी केली तू?"

"केली," माय म्हणाली. "पोरीले त्या घरी देत असान तं मी आधी जाऊन त्या बाईले सांगीन का मी तुया घरी चोरी केली. सांगतल्याबिगर मले त्या घरचं पाणी गोड लागणार नाही. मंग करा सोयरीक. अन् तुमी बोलले होते, त्याचं काय ते तुमी पाहा. म्या 'बोलले ना जी' म्हणून विचारलं होतं तेव्हा."

माय खरंच जाऊन सांगेल याबद्दल बाबांना तिळमात्र शंका नव्हती. मलाही नव्हती. ओळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीनं ते मूळचं बोलणं ऐकलेलं होतं. साबण बाबांच्या गालावर वाळला. त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, की त्या पानाला डोळा नाही आणि ते कधीच फुटणार नाही, हा प्रश्न मला पुढे फार वर्षं छळत राहिला. मी विचारला नाही. उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. त्या दिवशी त्यांनी बाटली मायच्या हातात परत दिली, उरलेली दाढी केली, शर्ट घातला आणि एसटीडी बूथवर जाऊन आमगावला फोन लावला. काय बोलले ते आम्हाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, बूथच्या बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. "पोरगी शिकाले जाऊन राहिली जी," ते म्हणाले होते. "माफ करजा. मी जबान देऊन बसलो."

नागपूरचं मी इथं लिहीत नाही. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हाची गोष्ट सांगते. खिडकीचा सगळा पुठ्ठा निघाला होता. तो शेंडा आता वेल झाला होता, डालड्याच्या डब्यात मातीत लागला होता आणि गजाला धरून वर चढून बाहेर गेला होता, मिलच्या भिंतीकडे. पानांवर राख होती. बाबांनी त्याला तारेचा आधार करून दिला होता, मिलमधून आणलेल्या तारेचा, अगदी बेताचा पीळ देऊन. मायनं झिंग्याची चटणी वाटली होती. मी हॉस्टेलचं, वॉर्डाचं, पहिल्यांदा इंजेक्शन दिलं त्याचं सांगत होते आणि ती कणी निवडत ऐकत होती. मी म्हणाले, "माय, चाल ना तू माझ्यासंगं. चार दिवस राहा, नागपूर पाहा." ती हसली. "मी कोठी येऊ वं? तुया बाबाले भात कोण टाकून देईन?"

तेव्हा माझं लक्ष फळीकडे गेलं. मागच्या बाजूला, मिठाच्या बरणीजवळ, ती तपकिरी बाटली होती, आणि तिच्यात ते पान. तेच. पांढऱ्या शिंतोड्यांचं, एकटं, हिरवं, जसं मी ठेवून गेले होते तसं. पाणी स्वच्छ होतं, म्हणजे कोणीतरी बदलत होतं. मला आता दोन अक्षरं जास्त येत होती, त्या तोऱ्यात मी म्हणाले, "हे कायले ठेवलं अजून? याले डोळा नाही, माय. याचं काही होत नाही. फेकून दे."

तिचा हात कणीत थांबला. तिनं वर माझ्याकडे पाहिलं नाही, बाटलीकडे पाहिलं.

"नवं पान नाही आलं म्हणून फेकून देऊ का?" ती म्हणाली. "जित्तं आहे ना ते."

आणि ती पुन्हा खडे वेचू लागली. मी बाटली उचलली, नळावर नेली, मुळं न दुखवता धुतली, आणि ताजं पाणी भरून ती परत आणून खिडकीत ठेवली.